चांगल्या दिवसांची चौकशी

१२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ.

पत्रास कारण आपला भिंगऱ्या. फोनवर हे बोलता येत नाही. फोन कारखान्याच्या खिडकीशी आणि खिडकीला लागूनच त्याच्या खोलीचं दार. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असला तरी कान उघडे असतात. म्हणून कागद घेतला.

महिना होऊन गेला, तो धड उठलेला नाही. जेवायला बसतो आणि घास हातात घेऊन विसरतो. धार लावायचा दगड कोरडा पडलाय. ज्याला गप्प बसवण्यासाठी लहानपणी आपण पैजा लावायचो, तो आता प्रश्नाला नुसती मान हलवतो, तीही अर्धी. परवा बायकोला, तुझ्या वहिनीला, म्हणाला की मी नसलो तरी इथलं काही अडणार नाही, दादा आहे. दुपारी पाहतो तर त्याच्या पटाश्या जागेवर नाहीत. तिने सगळ्या फडक्यात गुंडाळून आईच्या पेटीत ठेवल्या होत्या, कुलूप घातलं होतं, आणि किल्ली माझ्या हातात दिली. तेव्हापासून ती खिशात घेऊन हिंडतो आहे. एवढीशी किल्ली, पण खिसा ओढते.

आपल्या घरच्या डॉक्टरांनी तपासलं. नैराश्य आहे म्हणाले. मागे दोनदा असाच पडला होता तेव्हाही हेच म्हणाले होते, आणि तो आपला आपण उठला होता. या वेळी मन वर काढणारी गोळी जरा जोराची दिली आहे. तू मनाच्या आजारांचं शिकते आहेस, तर हे बरोबर चाललंय का एवढं सांग.

आई ठीक. आपल्या गोल जिन्याखाली बसून दुपारभर शिवत असते. काल एका गिऱ्हाइकाने नेहमीचं विचारलं, एवढा देखणा जिना जातो कुठे, वर तर छत आहे. मीही नेहमीचं सांगितलं, हा वर जायला नाही, वरून कुणी आलंच तर उतरायला आहे. एरवी यावर भिंगऱ्या आतून ओरडायचा, की दादा, माझ्या कामाची बदनामी थांबव. काल आतून काही आलं नाही. गिऱ्हाईक हसलं. मी रंधा उचलून उगाच एका सरळ फळीवर फिरवत बसलो.

देवाला हात जोडताना काही मागायचं नाही असा माझा नेम. या आठवड्यात तो मोडला.

लोभ असू दे, आणि उत्तर त्याच्याआधी येऊ दे.

तुझा,
दादा

---

१७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वहिनीला सांग, पटाश्या ठेवल्यास ते फार शहाणपणाचं केलंस. त्याला एकटं ठेवू नका. आणि तो जे म्हणाला, मी नसलो तरी अडणार नाही, ते घरच्या डॉक्टरांच्या कानावर आजच्या आज घाल. हे पत्र खाली ठेव, जा, सांगून ये, मग पुढचं वाच.

गेला होतास ना? तुझा भरवसा नाही. लहानपणी औषध घे म्हटलं की तू देवघरात जाऊन बसायचास.

आता तुझा प्रश्न. दादा, मी अजून शिकाऊ आहे, शिवाय आमच्याकडे पहिला धडा असा की आपल्या घरच्या माणसाचा आजार आपण ठरवायचा नाही. डोळ्यात माया असली की दिसत नाही. तरी एक सांगते. माणूस खाली बसतो, हे वरून पाहिलं तर एकच दिसतं. पण खाली बसण्याचे प्रकार आहेत. काहींचं मन फक्त खालीच जातं, तिथून वर येतं आणि जागेवर थांबतं. काहींचं मन आधी किंवा नंतर, कधी वर्षांनी, जागेच्याही वर चढतं आणि मग पडतं. पडलेले असताना दोघे सारखे दिसतात. तीच अंधारलेली खोली, तोच हातातला घास. औषध मात्र वेगळं. पहिल्याला जी गोळी हात देऊन उठवते, तीच एकटी दुसऱ्याला दिली तर कधी कधी पंख लावते.

तू त्याच्या वाईट दिवसांबद्दल पानभर लिहिलंस. चांगल्या दिवसांबद्दल अवाक्षर नाही. गोल जिना केला तेव्हा तो झोपायचा का? झोप कमी होऊनही ताजा असायचा का? बोलणं धावायचं का, एक काम टाकून दुसरं धरायचा का? घरच्या डॉक्टरांना यातलं कुणी कधी सांगितलं आहे का? रक्तही तपासायला सांग, गळ्यातल्या एका ग्रंथीमुळेसुद्धा माणूस असा मंदावतो.

मी काही ठरवलेलं नाही. फक्त विचारते आहे. आईला नमस्कार. माझ्या खोलीतल्या खुर्चीचा पाय अजून हलतो. सुताराघरची लेक म्हणून इथे सगळे हसतात.

लोभ कमी झाला असेल तर या प्रश्नांमुळे झाला असेल, तरी धरून ठेव.

तुझी,
चिमणी

---

२१ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ.

खरं सांगायचं तर आधी रागच आला. डॉक्टरांना ते वाक्य सांगितलं. ते रोज संध्याकाळी डोकावून जातात. रक्तही दिलं, त्यात काही निघालं नाही. तेवढं तुझं ऐकलं.

पण चांगल्या दिवसांची ही कसली चौकशी? जिना झाला तेव्हा तू परीक्षेसाठी बाहेर होतीस, तुला अर्धंच माहीत. घर कसं उजळलं होतं. पहाटे माझे डोळे उघडायचे ते त्याच्या गाण्याने आणि पटाशीच्या ठोक्याने. कठड्यावर वेल चढवली, पानामागून पान. गल्लीतल्या प्रत्येक घराला एकेक पाट करून दिला, न मागता. अनोळखी माणसांना हाताला धरून आत आणायचा, जिना दाखवायचा, जेवायला बसवायचा. बाबा गेल्यापासून या घरात एवढं हसू कधी झालं नव्हतं. मला संसार नाही. देव, रंधा आणि तुम्ही एवढंच माझं. ते दिवस मला देवाने दिलेले वाटतात. आजारी माणसाबद्दल डॉक्टरांना सांगतात, हसणाऱ्याबद्दल कोण सांगतं? उद्या म्हणशील, दादा रोज देवाचं नाव घेतो, त्यालाही गोळी द्या.

जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर सगळे अडखळतात, हे खरं. पण तेवढं चालायचंच. हाताने केलेल्या वस्तूला खोडी असते.

मी त्याच्या चांगल्या दिवसांची चहाडी करणार नाही. मोठ्या भावाचं ते काम नव्हे.

एक बरी बातमी. आज तो उठून बसला आणि चहा मागितला. तुझी वहिनी आत जाऊन रडली, मग बाहेर येऊन साखर विसरली.

राग आहे, पण लोभाच्या खालच्या फळीवर ठेवला आहे.

तुझा,
दादा

---

३ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

बातमी अशी की पत्र लिहायला हात थांबत नाही. औषध लागू पडलं. नुसतं लागू नाही, उधाणल्यासारखं लागू पडलं. ज्याला घास जड होता तो आठवड्यात उभा राहिला, आणि आता मी त्याच्यामागे धावतो आहे. काल शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेला आणि सगळ्या वर्गांचे दरवाजे नवे करून देतो, वेलबुट्टीसकट, असं ठरवून आला. मुख्याध्यापक मला भेटून म्हणाले की आम्ही फक्त एक कडी दुरुस्त करायला सांगितली होती. मी हसलो. तेही हसले, जरा सांभाळून.

गातो आहे. झोप म्हटलं तर दोन-तीन तास, आणि सकाळी टवटवीत. म्हणतो की महिनाभर झोपलो, आता उरलेली झोप तुम्ही वाटून घ्या. आणि ऐक, जिना वर नेणार आहे. छत उघडायचं, वर माडी बांधायची, माडीवर आणखी एक माडी. नकाशा भिंतीवरच काढला आहे, कोळशाने, खिडकी सोडून सगळ्या भिंतीवर. पटाश्या मागितल्या. मी किल्ली काढून दिली. खिसा हलका झाला.

तुला शिकवलेलं खोटं नसेल, पण आपल्या घराला ते लागू नाही एवढं तरी आता मान. मी देवाचे आभार मानले आणि मोडलेला नेम पुन्हा धरला.

आई मात्र नीट जेवत नाही. वय. मागे जिन्याच्या वेळी केलं होतं तसंच अंथरूण पुन्हा बाहेरच्या दारात आडवं घातलं आहे. वाऱ्याला बरं वाटतं म्हणते. म्हाताऱ्या माणसाच्या लहरी.

लोभ वाढला आहे, ठेवायला जागा कर.

तुझा,
दादा

---

६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आत्ता फोन केला, तो भिंगऱ्यानेच उचलला, आणि मला बोलायला मिळालं नाही. म्हणून तिकडे येणाऱ्या माणसाच्या हाती चिठ्ठी पाठवते.

पटाश्या आणि किल्ली परत घे. छताला हात लावू देऊ नकोस. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, वाढवूही नका. घरच्या डॉक्टरांना जाऊन तू मला लिहिलंस ते सगळं तसंच्या तसं सांग, झोपेसकट, दरवाज्यांसकट. मी त्यांच्याशी बोलले आहे, ते वाट पाहताहेत. मग त्याला घेऊन इकडे ये. माझ्या मोठ्या डॉक्टरबाई बघतील, मी खोलीत नसेन.

आईला आण. आणि निघण्याआधी तिला एवढंच विचार, की ती दारात का झोपते.

तुझी,
चिमणी

---

१५ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

आई आणि मी सुखरूप पोचलो. भिंगऱ्याला तुझ्या दवाखान्यात ठेवून आलो, तेव्हा गाडीत आमच्या दोघांमध्ये एक जागा रिकामी होती. आईने तिच्यावर पिशवी ठेवली नाही, मांडीवर धरली.

तुला त्या खोलीत येऊ दिलं नाही. काय झालं ते त्या दिवशी दारात उभ्या उभ्या सांगणं मला जमलं नाही, आता सांगतो.

तुझी चिठ्ठी आली तेव्हा मी कारखान्यात नव्हतो. येऊन पाहतो तर छताच्या फळ्या निघालेल्या, वरून ऊन थेट जिन्यावर पडलेलं, आणि भिंगऱ्या उघड्या तुळईच्या टोकावर एका पायावर उभा राहून खाली जमलेल्या गल्लीला भाषण देतोय. लोक टाळ्या वाजवत होते. मला आधी अभिमान वाटला, हे लिहून ठेवतो. मग दारात आई दिसली. ती वर पाहत नव्हती. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर गाद्या आणून टाकत होती, एकावर एक, कुणाला न सांगता, सवय असल्यासारखी.

तिने तुझी चिठ्ठी माझ्या हातात दिली, ती वाचून मी तिला तुझा प्रश्न विचारला. ती म्हणाली, तो बाहेर पडू नये म्हणून. जिन्याच्या वेळी तो अंगावर होते त्या कपड्यांनिशी नदीच्या पुलाचा कठडा कोरायला निघाला होता, कठड्याच्या बाहेरच्या बाजूने. तिने हाताला धरून परत आणला होता. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. तर म्हणाली, तू एवढा खुशीत होतास.

ही एवढी ओळ ऐकून मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो.

त्याला खाली मीच बोलावला असता तर आला नसता. आई त्याला म्हणाली, मला लेकीकडे घेऊन चल, तुझ्याशिवाय मला गाडीत चढता येत नाही. तर असा उतरला, सरळ, आणि तिची पिशवी उचलली.

मोठ्या डॉक्टरबाईंच्या खोलीत त्याने सगळ्यांना खिशात घातलं. त्यांच्या टेबलाची जोडणी चुकली आहे हे सांगितलं, शिपायाला माडीवर नोकरी देऊ केली, दोन शिकाऊ डॉक्टर तर पाणी प्यायचं विसरले. मला आजार नाही, कधी नव्हता, मध्ये जरा आळस आला होता, म्हणाला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी आपल्या घरच्या डॉक्टरांचं पत्र आधीच वाचलं होतं. दारू, तंबाखू, कुणाचं जाणं, डोक्याला मार, सगळं विचारून झालं. मग आईकडे वळल्या. म्हणाल्या, आजी, याच्या वाईट दिवसांचं मला माहीत आहे. मला याचे चांगले दिवस सांगा.

आई सांगू लागली. सावकाश, शिवणाची टीप घालावी तशी. झोप नसायची. अंगाला हात लावला तर गरम लागायचं. बोलताना तोंडाला फेस यायचा पण पाण्याला थांबायचा नाही. पुलाचं सांगितलं. आणि प्रत्येक वेळी त्या दिवसांच्या पाठोपाठ भिंतीकडे तोंड. एकदाही चुकलं नाही. घराण्यात आणखी कुणी, असं विचारल्यावर म्हणाली, माझ्या सासऱ्यांचा भाऊ. एका उन्हाळ्यात एकट्याने विहीर खणायला घेतली, सगळे त्याला कर्तबगार म्हणायचे. पाणी लागायच्या आधीच त्याने अंथरूण धरलं.

मग बाई माझ्याकडे पाहू लागल्या. भिंगऱ्याही पाहू लागला. त्याची नजर अशी होती, की दादा, तू तरी सांग यांना.

चिमणे, तू लिहिलं होतंस ते मला तेव्हा कळलं, आणि ते माझ्याच भाषेत कळलं. वाकडी फळी समोर धरून कितीही पाहिली तरी तिला नुसता बाक आहे की पीळ आहे, हे सांगता येत नाही. टोकाशी डोळा लावून, सगळ्या लांबीवरून नजर न्यावी लागते. आम्ही दर वेळी फळीचा एक वीतभर तुकडा डॉक्टरांपुढे धरत होतो, पडलेला तुकडा. वर चढलेला भाग घरी ठेवून, पुसून, गिऱ्हाइकांना दाखवून.

मी जिन्याचं सांगितलं. खालच्या पायऱ्या एकाच उंचीच्या, डोळे मिटून चढाव्यात अशा. मधल्यापासून प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा उंच, आणि शेवटच्या तर गुडघ्याला लागतात. हात तोच, लाकूड तेच. वर वर जाताना त्याला थांबून मापायला वेळ नव्हता. आम्ही त्याला खोडी म्हणत आलो.

भिंगऱ्याने टेबलावरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, दादा, तूसुद्धा. एवढंच. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाईंनी कागदावर काही लिहिलं, पेन ठेवलं आणि म्हणाल्या, आता दिसलं. हे नुसतं खाली जाणारं मन नाही, दोन टोकांना जाणारं आहे. याला एकटी वर काढणारी गोळी द्यायची नाही, समतोल धरणारं औषध द्यायचं, रक्त बघत बघत मात्रा ठरवायची. हे बरं ताब्यात राहतं, असंही म्हणाल्या. आईने त्यांचा हात धरला तो सोडीना.

उजेड पडला खरा, पण तो माझ्या भावाचं तोंड उतरलेलं पाहताना पडला. तो माझ्यावर रागावलेला असेल तर मला कळव. गोड करून लिहू नकोस.

लोभ कुणाकडून किती, याचा हिशेब सध्या देवाकडे ठेवला आहे.

तुझा,
दादा

---

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गोड करून लिहीत नाही. तो तुझ्यावर रागावलेला आहे. तुझं नाव त्याने चहाडखोर ठेवलं आहे आणि नर्सबाईंनाही तेच शिकवलं आहे. परवा फोन आला तर त्या म्हणाल्या, तुमच्या चहाडखोरांचा आहे.

पण दादा, तो झोपतो आहे. पहिल्या रात्री पहारेकऱ्यालाच जागं ठेवलं, आता जेवण झालं की डोळे मिटतात. बोलणं पायरीवर आलं आहे; एक वाक्य संपवून मग दुसरं घेतो. घरच्या डॉक्टरांनी स्वतः येऊन भेट घेतली आणि मोठ्या बाईंशी बसून पुढचं ठरवलं. तेही म्हणाले, मला हसरे दिवस कुणी दाखवलेच नव्हते.

त्याला एकच भीती आहे, आणि ती त्याने वहिनीलाही सांगितली नाही, मला सांगितली. या औषधाने हात जाईल. वेल गेली तर मी कोण, म्हणाला. मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, थोडे दिवस हात जड वाटेल, मात्रा बसली की उतरेल; आणि कला आजारात नसते, माणसात असते, हे त्याला मी सांगून पटणार नाही, लाकूड सांगेल. इथे पटाशी देता येत नाही म्हणून त्याला एक ओबडधोबड ठोकळा आणि पॉलिश पेपर दिला. तीन दिवस घासत होता. काल तो ठोकळा माझ्या खुर्चीच्या पायाखाली बसवला. खुर्ची हलायची थांबली.

आणि हे ऐक. बाईंनी आमच्या वर्गात ही केस समजावली, नावगाव काढून. पडलेल्या माणसाला नेहमी वर चढलेल्या दिवसांचं विचारा, तो सांगणार नाही, त्याला ते दिवस आवडलेले असतात. घरच्यांना विचारा, त्यांनाही आवडलेले असतात. म्हणून चिकाटीने विचारा, असं म्हणाल्या. मग फळा पुसून तुझ्या पत्रातली, मीच त्यांना वाचून दाखवलेली, वाकडी फळी काढली आणि टोकाशी एक डोळा. मी मागच्या बाकावर होते. मान खाली घालून हसत होते की रडत होते, ते शेजारणीला ठरवता आलं नाही.

लोभ इकडे भरपूर आहे, थोडा वाहून ने.

तुझी,
चिमणी

---

१० जून

चि. चिमणीस,
अ. आ.

तो घरी येऊन महिना झाला. गोळी घेतो, रक्त देतो, शाळेची एक कडी दुरुस्त करून आला. माझ्याशी कामापुरतं बोलतो. पटाशी धरतो आणि खाली ठेवतो. हात लोकरीचे झालेत म्हणतो. परवा गोळीची डबी हातात घेऊन बराच वेळ बसला होता. आई त्याच्याशेजारी जाऊन बसली, शिवण घेऊन. टाके घालत राहिली. शेवटी त्यानेच पाणी मागितलं.

बाईंनी मात्रा जरा कमी केली आहे. छताच्या भोकावर मी पत्रा टाकला आहे. मी देवाजवळ काही मागत नाही, पण उठतही नाही.

लोभ आहे, जिथे ठेवला होतास तिथेच.

तुझा,
दादा

---

२८ सप्टेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

डॉक्टरीणबाई, अक्षर ओळखू आलं का? चहाडखोर म्हणाला की मी लिहितो. मी म्हटलं, तुझ्या पत्रांनी एवढं रामायण झालं, आता कागदाला हात लावू नकोस.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले, ते दादाने लिहिले असतील. एकदा दुपारी कारखान्यात कुणी नव्हतं. मी सहज जिना चढायला लागलो. वर्षानुवर्षं लोकांना दाखवला, पण मी स्वतः तो कधी हळू चढलो नव्हतो. मधल्या पायरीवर मीच अडखळलो. उतरलो, माप घेतलं, पुन्हा चढलो. दादाने त्या खोलीत खोटं सांगितलं नव्हतं. उलट माझी लाज राखून सांगितलं होतं, शेवटच्या पायरीपेक्षा खिडकी चढणं सोपं.

संध्याकाळी दादाला म्हटलं, वरच्या पायऱ्या काढायच्या आहेत, खालून धर. त्याने हातातलं ठेवलं, येऊन धरलं. त्या दिवसापासून बोलतो आहोत. आता तर एवढं बोलतो की आई म्हणते, पुन्हा गोळी बघा, या वेळी मोठ्याची.

एकेक पायरी काढली, नवी केली, खालच्यांशी जुळवली. हात लोकरीचा होता तो केव्हा सुटला ते कळलं नाही. वेलीचं तिसरं पान कोरताना लक्षात आलं की मी हाताचा विचारच करत नाही. पानं पूर्वीपेक्षा कमी काढली. दादाने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, आधीच्या पानांना श्वास घ्यायला जागा नव्हती, यांना वारा लागतो. त्याच्या तोंडून एवढी स्तुती म्हणजे, घरी पाहुणे आले होते का ते आधी पाहून घेतलं.

मग छत. नकाशा कोळशाचा नाही, पेन्सिलीचा. माडी एकच. दिवस मावळला की दादा मोगरी ठोकतो, की हत्यारं खाली. पहिल्यांदा वैताग यायचा. आता मी कधी कधी त्याच्याआधी ठोकतो. मधे एकदा झोप दोन रात्री उडाली, डोकं पळायला लागलं. पूर्वी मी ते खुशीने जाऊ दिलं असतं. मीच तुझ्या वहिनीला सांगितलं, बघ, पहिली पायरी उंच होते आहे. तिने बाईंना फोन लावला, आणि आठवड्यात उतरलो, हातपाय शाबूत. तुला सांगतो, जुन्या-नव्या दोन्ही जिन्यांपेक्षा मला या गोष्टीचा जास्त अभिमान आहे.

माडी काल पुरी झाली. लहान आहे, एक खिडकी, दोन माणसं ऐसपैस. गल्ली जमली होती, पण भाषण दिलं नाही. आईला म्हटलं, तू आधी. ती चढली. चढता चढता तुझ्या वहिनीला खालच्या चुलीवरचं काय बघायचं ते सांगत होती, मागे वळून, पायांकडे एकदाही न पाहता. मी खाली पायऱ्या मोजत उभा. मधली पायरी गेली, वरची गेली, शेवटची गेली. वरून तिचा आवाज आला की एवढी माडी बांधलीत आणि बसायला साधी चटई नाही.

दादाने टोपी काढली आणि बराच वेळ वर पाहत राहिला. त्याला वाटलं मी पाहत नाही.

गिऱ्हाइकांसाठी नवं उत्तर शोधायला हवं. जिना कुठे जातो म्हणून विचारलं तर आता वर जातो एवढंच सांगावं लागतं, त्यात काही गंमत राहिली नाही.

एक राहिलं. काल रात्री निजायच्या वेळी आईने बाहेरच्या दारातलं अंथरूण उचललं, झटकलं, काखेत मारलं आणि माडीवर नेलं. सकाळी ऊन खिडकीतून तिच्या तोंडावर आलं तरी उठली नव्हती. चहा मी वर नेऊन दिला. दार रात्रभर नुसतं लोटलेलं होतं, आणि मी घरात होतो.

लोभ असावा, पायरी पायरीने असावा, आणि एकदा येऊन वर चढून जावं.

तुझा,
भिंगऱ्या